जीर्णोद्धार आणि वैकुंठीचे विमान

जुन्या चित्रपटांतील चमत्कारदृश्ये आजच्या संगणकीय तंत्राने नव्याने घडवावीत काय, हा प्रश्न वरवर पाहता तंत्रज्ञांचा आणि निर्मात्यांच्या हिशेबाचा वाटत असला, तरी मराठी संतपटांच्या बाबतीत तो थेट श्रद्धेच्या स्वरूपाशी जाऊन भिडतो. कारण तेथे चमत्कार हा कथेवरचा अलंकार नसून देव आणि भक्त यांच्या नात्याविषयी केलेले विधान असते. या प्रश्नाच्या विचारासाठी प्रभात फिल्म कंपनीच्या १९३६ सालच्या ‘संत तुकाराम’इतके योग्य उदाहरण दुसरे नाही, आणि बेळगाव-निपाणी पट्ट्याला तर ते घरचेच आहे. तुकारामांची भूमिका करणारे विष्णुपंत पागनीस मूळचे चिकोडीचे. दामल्यांच्या जोडीने दिग्दर्शन करणारे साहेबमामा फत्तेलाल निपाणीच्या शेजारच्या कागलचे. आणि प्रभातचा जन्मही १९२९ साली कोल्हापुरातच झालेला. पुढे तुकाराममहाराजांच्या म्हणून घरोघरी ज्या तसबिरी लागल्या, त्यांतील पुष्कळांवर पागनिसांच्याच मुद्रेची छाप आहे: कपाळी गंध, गळ्यात तुळशीमाळ, हाती वीणा, आणि समोरच्याकडे पाहत असूनही त्याच्या पलीकडे लागलेली दृष्टी. चिकोडीच्या एका नटाचा चेहरा देवघरात संताचा चेहरा होऊन बसला, ही घटना चित्रपटाच्या इतिहासाइतकीच धर्माच्या इतिहासातलीही मानली पाहिजे.

या चित्रपटातील इंद्रायणीतून परत येणाऱ्या वह्या किंवा शेवटी वैकुंठाकडे निघणारे विमान ही त्या काळच्या भाषेत ‘ट्रिकसीन’ होती. एकाच फिल्मपट्टीवर दोनदा छायाचित्रण करणे, भिंगाचा काही भाग झाकून उरलेल्या भागात आधी एक आणि नंतर दुसरे दृश्य टिपणे, अशा युक्त्या फाळक्यांपासून चालत आलेल्या होत्या. त्यांत दोन चित्रांचा सांधा पुष्कळदा डोळ्यांना कळतो, आणि आजच्या मुलांना तो लगेच कळतो. सुधारणेच्या बाजूने असलेला सर्वांत बळकट युक्तिवाद येथूनच निघतो, व त्याला भारतीय काव्यशास्त्राचा आधारही आहे. काश्मिरी आचार्य अभिनवगुप्त यांनी नाट्यशास्त्रावरील ‘अभिनवभारती’ या टीकेत रसास्वादाच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली असून त्यांतील पहिले संभावनाविरह हे आहे. जे दाखवले जाते ते घडू शकेल असे प्रेक्षकाला मुळीच न वाटणे, असा त्याचा अर्थ. विमान खोटे दिसले की मन बाहेर फेकले जाते, आणि मन बाहेर गेले की भक्तिरस संपतो. मग विमान खरे दिसेल असे करावे, यात वावगे काय, असे विचारता येईल.

परंतु या विघ्नावर अभिनवगुप्तांनी सांगितलेला उपाय लक्षपूर्वक पाहिला पाहिजे. लोकोत्तर कृत्ये दाखवायची असतील तर ती रामासारख्या प्रख्यात पुरुषाच्या ठायी दाखवावीत, कारण अखंड प्रसिद्धीमुळे त्याच्याविषयीचा विश्वास लोकांच्या मनात आधीच खोल रुजलेला असतो, असे ते म्हणतात. म्हणजे चमत्काराला आधार देणारी गोष्ट रंगभूमीवरील यंत्रात नाही, तर प्रेक्षक घरून जी कथा घेऊन येतो तिच्यात आहे. आषाढीला दिंडीबरोबर पंढरपूरला चालत गेलेल्या सीमाभागातील वारकऱ्याला तुकोबांचे वैकुंठगमन पडद्याने पटवून द्यावे लागत नाही. तेथील सांधा त्याला दिसतो आणि त्यामुळे त्याचे काही अडत नाही. नवे तंत्र मात्र हा क्रम उलटा करते: ते डोळ्याला न्यायाधीश नेमते, प्रत्यक्ष या प्रमाणाला, म्हणजे इंद्रियांनी मिळणाऱ्या ज्ञानाला, पुरावा सादर करते, आणि ज्या ठिकाणी भाव उभा होता त्या ठिकाणी खात्री आणून ठेवते. १९९७ साली जॉर्ज लुकास यांनी ‘स्टार वॉर्स’मध्ये नवी दृश्ये घातली किंवा २००४ साली ‘मुघल-ए-आझम’ संपूर्ण रंगीत झाला, तेव्हा बदल झाला तो कथेच्या वेषात. संतपटात तो श्रद्धेच्या रचनेतच होईल.

येथे जीर्णोद्धाराची कल्पना अधिक उपयोगी पडते, कारण झिजलेल्या पवित्र वस्तूचे काय करावे याचा विचार परंपरेने शतकानुशतके केलेला आहे. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त वज्रलेपाच्या, म्हणजे दगड सांधून टिकवणाऱ्या लेपाच्या, कृती दिल्या आहेत, आणि पंढरपुरातही विठ्ठलमूर्तीवर वेळोवेळी असा लेप दिला गेला आहे. भक्तांच्या हातांनी आणि कपाळांनी विठ्ठलाचे चरण झिजले. ती झीज थांबवण्याचा प्रयत्न होतो, पण चरण नव्याने रेखीव कोरून काढावेत असे कोणी सुचवत नाही, कारण ती झीजही आता मूर्तीचीच झाली आहे. २०२४ साली त्या मंदिरात जतनाचे काम झाले, तेव्हाही नंतरच्या काळात बसवलेल्या फरश्या काढून मूळचा दगड मोकळा करण्यात आला. चित्रपटाच्या बाबतीत याचा अर्थ स्पष्ट आहे: ओरखडे पुसावेत, खरखरणारा आवाज स्वच्छ करावा, तुटलेल्या फ्रेम जुळवाव्यात, हा सर्व वज्रलेप होय, विमान बदलणे म्हणजे छिन्नी लावणे. आणि लेपाची घाई आहे. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात, जेथे एकेकाळी प्रभातचा स्टुडिओ होता त्याच आवारात, जुन्या ज्वालाग्राही नायट्रेट फिल्म आगीत भस्म झाल्या, आणि त्यांत प्रभातच्या प्रतीही होत्या. ही हानी मराठी समाजाने जितक्या तीव्रतेने मनाला लावून घ्यायला हवी होती तितकी घेतली नाही.

कीर्तन दर रात्री नवे होते, मग चित्रपटाने का होऊ नये, असा आक्षेप उरतो आणि तो खरोखर विचारात घेण्याजोगा आहे. वारकरी परंपरा गोठलेली कधीच नव्हती. मात्र आजचे कीर्तन कालच्या कीर्तनाच्या शेजारी उभे राहते, त्याला खोडून काढत नाही. १९६३ साली सुंदरराव नाडकर्णी यांनी राजकुमार यांना घेऊन कन्नडमध्ये तुकारामांवर चित्रपट केला, २०१२ साली चंद्रकांत कुलकर्णी यांनी जितेंद्र जोशी यांना घेऊन मराठीत केला. दोन्ही आपापल्या काळाची निरूपणे आहेत, आणि त्यांच्यामुळे पागनिसांच्या तुकोबांचा एक शब्दही हलला नाही. स्वतः तुकोबांच्या चरित्रातील सर्वांत प्रिय कथाही बुडवलेल्या वह्यांची आहे, आणि तेरा दिवसांनी इंद्रायणीने त्या परत दिल्या त्या होत्या तशाच, कोरड्या.

वैकुंठगमनाच्या शेवटच्या दृश्याला तर नव्या विमानाने मोठाच अपाय होईल. गौरी या अभिनेत्रीने उभी केलेली जिजाई सबंध चित्रपटभर विठ्ठलाशी भांडते, मुलांच्या पोटाची काळजी वाहते, आणि नवरा वैकुंठाला जातो तेव्हा जमिनीवरच राहते. विमान साधे, किंचित डळमळते आहे, म्हणून नजर आकाशात अडकून पडत नाही. ती लवकरच खाली येते, आणि तेथे ती बाई उभी असते.