मतदान आणि प्रत्यवाय

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत आमच्या रायगड मतदारसंघात ७ मे रोजी मतदान झाले. शेकडा ६०.५१ लोकांनी मत दिले, म्हणजे चाळीस घरी राहिले. त्यानंतर आठच दिवसांनी अलिबागेजवळच्या एका कोळीवाड्यात आमचे कीर्तन होते. विषय स्वधर्माचा. ओघात आम्ही त्या चाळिसांना बरेच झोडपले. कीर्तन आटोपल्यावर एक म्हातारी कोळीण पाया पडायला आली आणि आमचा हात पाहून म्हणाली, "बुवा, तुमच्या बोटाला शाई नाय ती?"

नव्हतीच. त्या दिवशी आम्ही परजिल्ह्यात सप्ताहाला होतो. मतदानाची तारीख १६ मार्चलाच जाहीर झाली होती आणि सप्ताहाचा नारळ आम्ही घेतला गुढीपाडव्याला. म्हणजे नकळत घडले असेही म्हणवत नाही.

पाठशाळेत आम्हांला शिकविले होते की, नित्यकर्माने काही विशेष फळ मिळत नाही, पण ते न केल्यास प्रत्यवाय, म्हणजे दोष, लागतो. संध्या केली म्हणून कुणी बक्षीस देत नाही. "माझ्या एका मताने काय होणार?" असे विचारणारा मताला काम्यकर्म समजतो. २०१४ साली याच मतदारसंघात अनंत गीते यांनी सुनील तटकरे यांना अवघ्या २,११० मतांनी हरविले. अर्थात तेव्हाही कुणा एकट्याच्या मताने निकाल फिरला नसता. म्हणून फळाचा हिशोब सोडून द्यावा हेच बरे.

तथापि मीमांसक आणखी एक गोष्ट सांगतात, ती आम्ही कीर्तनात सोयीने गाळली. कर्माचा अधिकार सामर्थ्य असणाऱ्यालाच. ज्याला शक्य नाही त्याला दोष नाही. आता ते चाळीस कोण? मासेमारीची बंदी लागते १ जूनला, तेव्हा मे महिन्यात खलाशी आठ-आठ दिवस समुद्रात असतो. कातकरी दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातो, तो पावसाच्या तोंडावर परततो. वाडीतल्या एका जाणत्याला आम्ही पुढे विचारले. तो म्हणाला, "उचल घेतलीय बुवा. फेडल्याबिगर मालक सोडतोय व्हय?" मतदानाच्या दिवशी मजुराला भरपगारी सुट्टी द्यावी असा कायदा आहे खरा. पण भट्टी परजिल्ह्यात, गाडीभाडे कोण देणार?

उलट २० मे रोजी दक्षिण मुंबईत शेकडा ५०.०६ च मतदान झाले. तिथे केंद्र बहुधा हाकेच्या अंतरावर. ह्या दोन्ही गैरहजेऱ्यांना 'उदासीनता' हे एकच नाव देणे अन्याय आहे. १९६२ साली देशात पुरुषांचे मतदान ६३.३१ टक्के, तर स्त्रियांचे ४६.६३ होते. बायकांना यात गोडी नाही, असे आमच्या लहानपणी वडीलधारे म्हणत. २०१९ ला स्त्रिया पुरुषांच्या किंचित पुढे गेल्या. आमच्या मते गोडी तेव्हाही असावी, वाट मोकळी नव्हती. रायगडात तर आज मतदारयादीत स्त्रियाच अधिक, कारण पुष्कळ पुरुष मुंबईस चाकरीला.

त्या चाकरमान्यांचा उत्साह मात्र तपासून घ्यावा. उमेदवाराने मतदार आणण्यासाठी गाडी भाड्याने करणे कायद्याने भ्रष्टाचार आहे, तरी "गाडी कुणाची येतेय?" ही चौकशी गावोगाव ऐकू येते. कीर्तनकाराने बिदागी घेऊ नये असे आम्ही वारकरी म्हणतो (म्हणतो खरे, असो!), मग मतदाराने प्रवास फुकट का घ्यावा? पण हाच प्रश्न भट्टीवरच्या कातकऱ्याला विचारताना आमची जीभ अडखळते. त्याला कुणी गाडी पाठविली, तर तो विकला गेला म्हणावे की मोकळा झाला? आमचा निर्णय होत नाही. एवढे मात्र कळते की त्याच्या न दिलेल्या मताचा प्रत्यवाय त्याच्या माथी नाही. तो उचल देणाऱ्याच्या, आणि त्याची सोय न करता व्यासपीठावरून बोल लावणाऱ्या आमच्या माथी आहे.

२० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचे मतदान झाले. त्या दिवसाचा नारळ आम्ही परत केला होता. सकाळी केंद्राकडे जाताना वाट वाडीवरून गेली. दिवाळी होऊन गेली होती. बहुतेक झोपड्यांची कुडाची दारे बाहेरून दोरीने बांधलेली होती.