हरलेल्या उडीचा हिशेब

चेंडू सीमारेषेबाहेर गेलेला असतो. सीमापंच मैदानाकडे पाठ करून उभा राहतो आणि तो लंबगोल चेंडू डोक्यावरून मागे, उंच, आत फेकतो. चेंडू खाली येईपर्यंतच्या त्या दोन-तीन क्षणांत दोन धिप्पाड माणसं एकमेकांना भिडतात. दोघंही दोन मीटरच्या घरातली. पाय रोवलेले, नजर वर, एकाचा खांदा दुसऱ्याच्या बगलेला टेकलेला. ज्याची उंची जास्त त्याचा हात आधी पोचतो आणि त्याच्या नावावर एक ‘हिटआउट’ जमा होतो. पण बगलेतून मिळालेल्या रेट्यामुळे त्या हाताला चेंडू हवा तिकडे वळवताच आलेला नसतो. चेंडू सरळ पायाशी पडतो, त्यावर पाच-सहा जण कोसळतात, पंच शिट्टी फुंकतो आणि चेंडू पुन्हा वर उडवावा लागतो. कागदावर एक जण जिंकला, दुसरा हरला. मैदानावर मात्र हरलेल्याने आपलं काम चोख केलेलं असतं.

ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलमधल्या रकमनची पारख करताना मला सारखा हाच प्रसंग आठवतो. अठरा जणांच्या संघात रकमनचं काम सांगायला सोपं आहे. प्रत्येक गोलनंतर मैदानाच्या मध्यभागी चेंडू नव्याने खेळात येतो, सीमेवरून तो आत फेकला जातो, गर्दीत अडकला की पंच तो वर उडवतो. या प्रत्येक वेळी दोन्ही संघांचा एकेक रकमन उडी मारतो आणि चेंडू आपल्या सहकाऱ्याकडे टोलवायला बघतो. एका सामन्यात अशा ऐंशी-नव्वद चकमकी सहज होतात. त्यांच्यामधल्या वेळात त्याला त्या अवाढव्य मैदानावर या टोकापासून त्या टोकापर्यंत धावायचं असतं, कारण चेंडू जिथे अडकेल तिथे त्याची हजेरी हवीच.

व्हॉलीबॉलमध्ये चेंडू उचलून देणाऱ्याची अवस्था थोडी अशीच असते: गुण स्मॅश मारणाऱ्याच्या नावावर लागतो. पण उचलून देणाऱ्याच्या अंगावर दुसरा उचलून देणारा चढलेला नसतो. रकमनला मात्र प्रत्येक चेंडू आपल्याच तोलामोलाच्या माणसाशी झोंबत खेळायचा असतो. म्हणून त्याच्या कामाचे दोन भाग पडतात: आपण काय केलं, आणि समोरच्याला काय करू दिलं नाही. पहिला भाग मोजला जातो. दुसरा मोजायची सवय अजून कुणालाच लागलेली नाही.

हिटआउटचा आकडा म्हणूनच मला फसवा वाटतो. बहुतेक टोले कुणाच्याच थेट उपयोगी पडत नाहीत. चेंडू गर्दीत पडतो आणि झुंज नव्याने सुरू होते. काही टोले तर बरोबर प्रतिस्पर्ध्याच्या हातात जातात, तरी मोजणीत ते टोलवणाऱ्याच्याच खात्यावर चढतात. फ्रीमँटलचा ॲरन सँडिलँड्स 211 सेंटिमीटर उंच. त्याचा हात आधी पोचायचा यात नवल नव्हतं. तो उत्तम रकमन होताच, पण तो उत्तम का होता हे त्या आकड्यावरून कळत नाही. फार तर उंच होता एवढं कळतं.

त्याहून बरा आकडा म्हणजे सहकाऱ्याच्या फायद्याचे टोले. चेंडू आपल्या माणसाला धावता धावता, मोकळा मिळाला तरच तो टोला मोजायचा. इथेही एक पेच आहे, आणि तो समजून घ्यायला ग्रॅहम ‘पॉली’ फार्मरकडे जावं लागतं.

नूंगार या आदिवासी समाजातला हा खेळाडू पर्थमधल्या अनाथाश्रमात वाढला, ईस्ट पर्थकडून गाजला आणि 1962 साली जिलाँग क्लबात आला. त्या काळी हाताने दिलेला पास, म्हणजे हँडबॉल, ही अडचणीत सापडलेल्याची सुटका मानली जायची. फार्मरने त्याचं हत्यार केलं. उडीतून खाली येता येता तो लांबवर, नेमका, धावत्या माणसाच्या पुढ्यात हँडबॉल द्यायचा. जिलाँगचा छोटा रोव्हर, म्हणजे रकमनने टोलवलेला चेंडू टिपणारा, बिली गॉगिन आणि तो यांची जोडी अशी जमली की 1963 च्या विजेतेपदाची गोष्ट सांगताना दोघांची नावं एका दमात घेतात. आता सांगा, त्या जोडीतला फायद्याचा चेंडू कुणाचा? चेंडू अचूक जागी पाठवणाऱ्याचा, की तो तिथेच येणार हे आधी ओळखून धाव घेतलेल्याचा? मंद रोव्हरच्या संघात फार्मरचे अर्धे टोले मोकळ्या गवतावर पडले असते आणि तक्त्याने त्यालाच दोष दिला असता. रकमनच्या यशात नेहमी दुसऱ्याची भागी असते. ती वेगळी काढून दाखवणारा आकडा माझ्या पाहण्यात नाही.

म्हणून रकमनला मी त्याने जिंकलेल्या चकमकींपेक्षा हरलेल्या चकमकींत जास्त पाहतो. चांगल्यातला चांगला रकमनसुद्धा खूप चेंडू हरतो. तो कसा हरतो, हे बघण्यासारखं असतं. समोरच्याला मोकळी उडी मिळाली की त्याला अडवून, दाबून चेंडू मारायला लावला? खाली आल्यावर हा मागे राहिला की दोन पावलांत पुन्हा झुंजीत शिरला? चेंडू घेऊन पळणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला पहिला टॅकल कुणी केला?

या कसोटीवर सगळ्यात उजळून निघतो तो कार्लटनचा जॉन निकल्स. उंची जेमतेम 189 सेंटिमीटर. आजच्या निवड समितीने त्याला रकमन म्हणून जवळही केलं नसतं. पण खांबासारखे पाय आणि अंगाचा वापर असा की उंच माणसाला उडी घ्यायलाच जागा मिळू नये. विशेषतः सीमेवरून फेकलेल्या चेंडूंवर, जिथे पळत येऊन उडी मारता येत नाही, तिथे तो भल्याभल्यांना भारी पडायचा. 1972 चा अंतिम सामना तो कर्णधार आणि प्रशिक्षक अशा दोन्ही नात्यांनी खेळला, त्यात सहा गोलही केले. 1996 साली शतकातला सर्वोत्तम संघ निवडला गेला तेव्हा रकमन म्हणून मान फार्मरला मिळाला; निकल्सला वगळणं कुणाला शक्य नव्हतं, म्हणून त्याला बचावफळीत बसवला.

यावर निक नाइटानुईचं नाव पुढे केलं जाईल, आणि ते करायलाच हवं. फिजियन आईवडिलांचा हा वेस्ट कोस्टचा खेळाडू इतका उंच उडायचा आणि चेंडू इतक्या नजाकतीने सहकाऱ्याच्या पुढ्यात टाकायचा की तिथे जिंकलेली उडीच सर्व काही सांगून जायची. बाकीच्या रकमनपेक्षा कमी वेळ मैदानावर राहूनही तो सामन्याचं पारडं फिरवायचा. मी त्याला अपवाद मानत नाही. त्याचे सामने पुन्हा पाहताना डोळे त्याच्या दुसऱ्या हालचालीवर ठेवावेत. चेंडू हुकला की जमिनीला पाय लागताच तो मिडफिल्डरच्या वेगाने पाठलाग करत असे. त्याने हरलेला चेंडूही समोरच्याला सुखाने मिळत नसे.

जिम स्टाइन्सचं मोल वेगळ्याच ठिकाणी होतं. डब्लिनमध्ये गेलिक फुटबॉल खेळणारा हा आयरिश मुलगा 1984 साली मेलबर्न क्लबात आला, हा खेळ मुळापासून शिकला आणि 1991 मध्ये हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचं ब्राउनलो पदक घेऊन गेला. सलग 244 सामने तो एकदाही न चुकता खेळला. त्याची खासियत धावण्यात होती: समोरचा रकमन धापा टाकत असताना हा पुढच्या चेंडूपाशी पोचलेला असे. 1992 मध्ये रकमन स्कॉट विंडला ब्राउनलो पदक मिळालं आणि त्यानंतर आजवर एकाही अस्सल रकमनला मिळालेलं नाही. ब्राउनलोची मतं मैदानावरचे पंच देतात; त्यांच्या डोळ्यांत भरतो तो चेंडू घेऊन निघालेला माणूस. त्याला तो मिळवून देणारा तोवर गर्दीखालून उठत असतो. मला हा सरळ अन्याय वाटतो.

नियमही कसोटी बदलत राहतात. उडीच्या वेळी गुडघ्यांवर गुडघे आदळून दुखापती वाढल्या, तेव्हा 2005 मध्ये दहा मीटरचं वर्तुळ आखून रकमनची धाव आखूड केली गेली. 2017 पासून दोघांच्या झुंजीत तिसऱ्याने उडी घ्यायला बंदी आली आणि ही पुन्हा निखळ दोघांची लढत झाली. 1965 चा आणि 2020 चा रकमन एकाच तराजूत घालणाऱ्याने एवढं तरी ध्यानात ठेवावं.

2017 हेच रिचमंडच्या विजेतेपदाचंही वर्ष. त्यांचा मुख्य रकमन टोबी नॅनकर्व्हिस दमला की त्याच्या जागी शॉन ग्रिग उडी मारायला जायचा, जो मुळात मिडफिल्डर. तो पहिला हात लावेल अशी कुणाची अपेक्षाच नव्हती. तरीही संघ जिंकला, आणि रकमन हवाच कशाला, असं म्हणणाऱ्यांना जोर चढला. मला त्यातून उलटं दिसतं. ग्रिग उडी हरत होता, पण नीट हरत होता: प्रतिस्पर्ध्याला मोकळं सोडत नव्हता आणि चेंडू जमिनीवर आला की संघाला एक जास्तीचा चपळ माणूस मिळत होता.

मॅक्स गॉन आणि ब्रोडी ग्रंडी यांची गोष्ट तर आकड्यांवर भिस्त ठेवणाऱ्या प्रत्येकाने अभ्यासावी. 2018 मध्ये वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या ऑल-ऑस्ट्रेलियन संघात दोघेही होते. गॉनच्या नेतृत्वाखाली 2021 साली मेलबर्नने 1964 नंतरचं पहिलं विजेतेपद मिळवलं. 2023 साठी क्लबने कॉलिंगवूडकडून ग्रंडीलाही आणलं. दोन श्रेष्ठ रकमन एकाच संघात, मग मध्यभागी कोण टिकणार? हंगाम सरता सरता ग्रंडी दुय्यम संघात खेळत होता. दोघांनाही तीच जागा हवी होती. एक उडी मारायचा तेव्हा दुसऱ्याला गोलसमोर उभं राहावं लागायचं, आणि ते ग्रंडीचं काम नव्हतं. पुढच्या वर्षी तो सिडनीला गेला, तिथे मुख्य रकमन झाला आणि संघासोबत अंतिम सामन्यापर्यंत पोचला. ग्रंडी दर सामन्याला पुन्हा पुन्हा उडी मारतो, पडतो, उठतो, खालच्या झटापटीत शिरतो आणि दमवत नेऊन चौथ्या क्वार्टरमध्ये समोरच्याचे पाय जड करतो. अर्धा वेळ दुसरीकडे उभ्या केलेल्या माणसाला ते कधीच करता आलं नसतं.