हाताची बोटे

अंधाऱ्या भविष्याची चित्रे रंगविणाऱ्या कृती पुष्कळ आहेत. परंतु त्यांतील एक आपल्या रसिकांच्या दृष्टीआड राहून गेली आहे. तत्कालीन चेकोस्लोव्हाकियातील विख्यात बाहुलीपटकार यिर्झी त्रन्का यांचा १९६५ सालचा 'हात' हा तो लघुपट. लांबी अवघी १८ मिनिटे. संवाद एकही नाही.

विदूषकाच्या वेषातील एक कुंभार आपल्या एकुलत्या फुलझाडासाठी कुंड्या घडवीत असतो. एवढाच त्याचा संसार. एके दिवशी एक प्रचंड मानवी हात खोलीत शिरतो आणि फर्मावतो की, कुंड्या पुरेत, आता माझी प्रतिमा घडव. कुंभार नाकारतो. मग आर्जव, देणग्या, मोह, धाक असे सारे उपाय होतात. अखेर पिंजऱ्यात घालून, अंगाला दोऱ्या बांधून त्याच्याकडून ती प्रतिमा कोरून घेतली जाते. तो निसटतो, घरी येऊन दारेखिडक्या फळ्यांनी ठोकून घेतो. आणि त्याचीच कुंडी डोक्यात पडून मरतो. तोच हात मग सन्मानपूर्वक त्याचा अंत्यविधी करतो.

या मृत्यूचा दोष कोणाचा? हाताने त्याला मारले नाही, हे कोणत्याही चौकशीत सिद्ध करता येईल. त्याला भयाने मारले. आणि भयाचा जनक शेवटी पदके घेऊन उभा राहिला.

मी स्वतः सरकारी कचेरीतील कारकून. पहिल्यांदा हा पट पाहिला तेव्हा अर्थातच मी कुंभाराच्या बाजूचा होतो. दुसऱ्यांदा दृष्टी खिळली ती त्या हाताच्या बोटांवर. हाताला चेहरा नाही. बोटे मात्र आहेत. १९६९ साली त्रन्का निवर्तले आणि त्यानंतर या पटावर बंदी आली. तो आदेश कोणी मसुद्यात उतरविला असेल, कोणी टंकलिखित केला असेल, कोणी त्यावर जावक क्रमांक घातला असेल. आपण एका कलाकृतीचा गळा आवळतो आहोत, असे त्यांतील किती जणांना वाटले असेल? बोट म्हणते, मी केवळ वाकले. मूठ मी वळली नाही.

मध्यंतरी एका अर्जावर मी 'नियमात बसत नाही' असा शेरा लिहिला. नियम खरा होता, शेराही बिनचूक होता. अर्जदाराचे नाव मात्र आज मला आठवत नाही, आणि हीच गोष्ट मला बोचते.

कुंभाराचा नकार मोठा होता. तो सर्वांना झेपणार नाही. परंतु बोटापाशीही एक लहानसा नकार असतो: वाकण्यापूर्वी क्षणभर थांबून, आपण कोणावर वाकत आहोत हे पाहण्याचा. तेवढा जरी आपण जपला, तरी मूठ वळणे थोडे अवघड होईल.