उभी रेघ

मुलाने दीड लाखाची सायकल घेतली आणि ती खडीच्या वाटांवर चालवायची आहे असं सांगितलं, तेव्हा अण्णा काही वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे डांबर नसलेला रस्ता तू पैसे मोजून शोधणार?"

अण्णा नगर जिल्ह्यातल्या पाथर्डीचे. 1972 च्या दुष्काळात, ऐन विशीत, ते कामावर खडी फोडायला बसले होते. पुढे मृदसंधारण खात्यात अनुरेखक म्हणून लागले आणि उभी नोकरी माळामाळांतून सायकल ढकलत केली. मुरूम संपून डांबर लागलं की त्यांना घर जवळ आलंसं वाटायचं. मुलाचं नेमकं उलट. गुरुग्रामला एकविसाव्या मजल्यावर राहणाऱ्या त्या पोराला डांबर संपलं की हायसं वाटे. यात चूक कोणाचीच नव्हती. दोघं वेगवेगळ्या गोष्टींना कंटाळले होते इतकंच.

गुरुग्रामात मोटारींशिवाय सायकल चालवायची तर सोय अगदीच नव्हती असं नाही. 2013 च्या नोव्हेंबरात तिथे 'राहगिरी' सुरू झाली. रविवारी सकाळी ठरावीक रस्ते गाड्यांना बंद. पण ते रविवारचे काही तास. बाकी आठवडाभर धूर, हॉर्न आणि उलट्या दिशेने अंगावर येणारे दुचाकीवाले. म्हणून मुलगा एका पहाटे फरिदाबादच्या रस्त्याला लागला, बंधवाडीचा कचऱ्याचा डोंगर नाक दाबून ओलांडला आणि एका कच्च्या वाटेने अरवलीत शिरला.

अरवली म्हणजे सह्याद्री नव्हे. कडे नाहीत, धबधबे नाहीत. म्हातारे, झिजलेले डोंगर. पायाखाली क्वार्टझाइटची तांबूस खडी. हाच दगड कुजून जी भरड वाळू होते तिला दिल्लीचे गवंडी 'बदरपूर' म्हणतात, आणि दिल्लीच्या कितीतरी भिंतींमध्ये ती गेलेली आहे. ती जिथून काढली तिथे खाणींचे खोल खड्डे उरलेत, त्यांत निळं पाणी साचलंय. 2009 साली सर्वोच्च न्यायालयाने फरिदाबाद-गुरुग्रामच्या अरवलीतलं खाणकाम थांबवलं, म्हणून निदान उरलेले डोंगर तरी जागेवर आहेत. चाळीस मिलिमीटरचे टायर त्या खडीवर करकरत चालले होते. मोर ओरडत होते. एक नीलगाय वाट ओलांडून गेली. मुलाला वाटलं, दीड लाख वसूल झाले.

वाट एका दरीच्या कडेला आली आणि खाली एकदम हिरवंगार दिसलं. ती मांगरची बनी. बनी म्हणजे आपल्या भाषेत देवराई. मांगर, बंधवाडी आणि बलियावास या गावांनी गुदडिया दास बाबांच्या नावाने राखलेलं धौच्या झाडांचं रान. धौ हा आपल्या धावड्याचा भाऊबंद. तिथलं लाकूड तोडायचं नाही, गुरं घालायची नाहीत. घातली तर वाईट होतं, अशी श्रद्धा. दिल्लीपासून इतक्या जवळ, जमिनीच्या असल्या भावात, या श्रद्धेने टिकवलेलं रान. 2016 मध्ये सरकारने बनी आणि तिच्याभोवतीचा पट्टा बांधकामाला बंद केला खरा, पण कागद यायच्या आधी कैक पिढ्या काम भीतीनेच केलं होतं. (अशा भीतीला हसायची आपल्याला सवय आहे. मीही हसत असे.)

कडेला एक म्हातारा गुराखी बसला होता. त्याने काठी आडवी धरली. "आगे पैदल, बेटा."

"ताऊ, सायकलच तर आहे. धूर नाही, आवाज नाही," मुलगा हिंदीत म्हणाला.

ताऊने टायरांकडे पाहिलं, माणसाकडे पाहिलं, आणि काठी होती तशीच ठेवली. मुलगा शहाणा, वाद न घालता मागे फिरला. बनीत तो कधीच शिरला नाही, हे त्याच्या बाजूने नोंदवायला हवं. बाहेरच्या उतारावर मात्र शेळ्यांची एक वाट होती, वळणं घेत उतरणारी. तिची वळणं सोडून तो सरळ खाली आला. बारा सेकंद लागले. पोटात गोळा आला, आणि मजाही.

घरी येऊन त्याने ती वाट सायकलवाल्यांच्या अ‍ॅपवर टाकली.

पुढच्या रविवारी चौघे आले, महिन्याभरात पंचवीस. नकाशावर आधी त्या वाटेची पुसटशी रेघ होती. जितकी माणसं जात तितकी ती उजळत गेली. फेब्रुवारीत ती केशरी झाली. मार्चमध्ये कोणीतरी दोन जीप घेऊन तोच उतार चढलं. मुलगा संतापला. जीपवाल्यांना वाट कळली कशी, असं त्याने ग्रुपवर विचारलंसुद्धा.

जूनमध्ये अण्णा राहायला आले. मुलाने कौतुकाने फोन पुढे केला. "बघा, ही वाट मी शोधली. दिल्लीतले लोक येतात आता."

अण्णांनी चष्मा लावला. आयुष्यभर कागदावर डोंगरांच्या रेघा ओढलेला माणूस. नकाशा दिसला की त्यांचा चेहरा वेगळाच व्हायचा. त्यांनी विचारलं, "उतार कुठल्या बाजूला?"

"वरून खाली. ही इथून अशी सरळ."

"उभी काढलीस."

"काय?"

"रेघ. उभी काढलीस." त्यांनी फोन परत दिला. "आम्हाला पहिल्या दिवशी साहेबाने सांगितलं होतं, उताराला आडवी रेघ ओढली की पाणी थांबतं, उभी ओढली की पळतं. मी जन्मात एक उभी रेघ ओढली नाही. पाऊस झाला की मला तिथे ने."

जुलैतल्या दुसऱ्या पावसानंतर ते गेले. वाट नव्हतीच. तिच्या जागी गुडघाभर खोल घळ पडली होती, आणि तिच्यातून वाहून आलेली लाल माती खाली बनीच्या तोंडाशी पसरली होती. ताऊ तिथेच होता. त्याने रागाचा एक शब्द काढला नाही. घळीच्या काठावर जमिनीला चिकटलेलं, चटईसारखं एक हिरवं झुडूप होतं, अर्धं चिरडलेलं. त्यावर त्याने काठीचं टोक टेकवलं. "धौ है."

मुलाला पटेना. बनीतले धौ दोन-अडीच पुरुष उंच. हे तर गवतासारखं; गवत समजूनच त्यावरून सगळ्यांनी टायर घातले होते. ताऊने समजावलं. शेळ्या खात राहिल्या की हे झाड असंच जमिनीला धरून पसरतं, वर्षानुवर्षं, पण मरत नाही. सोडलं की उठतं. माती मात्र हवी.

अण्णा तोवर उकिडवे बसून घळीचा उतार वितीने मोजत होते. "अनघड दगडी बांध," ते म्हणाले. ताऊला मराठी येत नव्हती, अण्णांची हिंदी पाथर्डीची. तरी दोघांचं दहा मिनिटांत जमलं. मोठे दगड खाली, मधल्या फटींत लहान, मध्यभाग जरा खोलगट, म्हणजे पाणी कडा कापत नाही. मुलगा दगड वाहत होता. बाप म्हणेल तो दगड, म्हणेल तिथे. दुपारपर्यंत तीन बांध झाले आणि त्याच्या तळहातांना फोड आले.

संध्याकाळी त्याने आपली वाट अ‍ॅपवरून काढून टाकली. नकाशावरची रेघ तेवढीच केशरी राहिली; ती आता पंचवीस जणांची होती. मग ग्रुपवर मेसेज आला: रविवारी मांगरचा उतार, कोण येतंय? त्याने लिहिलं, मी येतोय, चालत, पावडं घेऊन. सात जणांनी अंगठा दाखवला. आले दोन.

त्या रविवारी पहिल्या दोन बांधांमागे चार बोटं गाळ साठला होता. तिसरा बांध वाहून गेला होता. अण्णांनी त्याच्या जागेवर पाय रोवून बघितलं.

"पाया खोल घेतला नव्हता," ते म्हणाले, आणि दगड शोधायला खाली उतरले.