वेळ कुठून काढायचा?

"करायचे मनात आहे, पण वेळच मिळत नाही." हे वाक्य आपणही या आठवड्यात कुणाला तरी म्हटले असेल. मी तर ते इतक्या सहजपणे म्हणतो की त्याचा अर्थ काय, हे कधी पाहिलेच नव्हते. यंदाच्या हिवाळ्यात एका कोटाने मला ते पाहायला लावले. जे दिसले ते अभिमानाने सांगण्यासारखे नाही, तरी आपल्याशी बोलावेसे वाटते.

मी चेन्नईत नुंगंबाक्कमला राहतो, वाणिज्य शाखेत शिकतो आणि आठवड्याला एक लेख मराठीत आणण्याची सेवा करतो. थंडीचा कोट शिवायला याहून विचित्र जागा शोधून सापडणार नाही. इथल्या वेधशाळेत आजवर नोंदले गेलेले सर्वांत कमी तापमान १३.९ अंश आहे, आणि त्या नोंदी १८९५ आणि १९०५ सालच्या आहेत. डिसेंबरातही माझ्या खोलीत पंखा फिरत असतो. कोट अर्थातच माझ्यासाठी नव्हता.

आमचे घर निफाड तालुक्यात आहे, द्राक्षाची थोडी बाग आहे. राज्यातली सर्वांत कडक थंडी पुष्कळदा निफाडलाच नोंदली जाते. काही पहाटे पारा ५ अंशांच्याही खाली उतरतो. अशा थंडीत द्राक्षाचे मणी तडकतात. म्हणून रात्री बागेत शेकोट्या पेटवायच्या, पहाटे ठिबकने पाणी सोडायचे. त्यात शेतीपंपाची वीज पाळीपाळीने रात्रीची असते. बाबा घोंगडे पांघरून जातात. एका हातात बॅटरी धरून दुसऱ्या हाताने व्हॉल्व्ह फिरवायला गेले की घोंगडे खांद्यावरून घसरते. दोन वर्षांपूर्वी विकतचे जाकीट आणले होते. शेकोटीच्या ठिणग्यांनी त्याची चाळणी झाली. नायलॉन ठिणगीने वितळते, लोकर सहसा पेट घेत नाही. तेव्हा मला सुचले की घोंगड्याचाच कोट केला तर? दिवाळीला गेलो तेव्हा ट्रंकेतले आजोबांचे जुने घोंगडे मागून घेतले. आईने ते दोनदा झटकले, वास घेतला आणि म्हणाली, "कापणार आहेस ना, मग एकदाच नीट काप."

शिवणकाम मला येत नव्हते. आमची घरमालकीण आजी तंजावरच्या जुन्या मराठी घरातली आहे. तिच्या मराठीतले निम्मे शब्द मला कळत नाहीत आणि माझे निम्मे तिला. पण तिच्याकडे पायाचे मशीन आहे. दिवसभर माझे कॉलेज, दहा वाजता आजी झोपणार. म्हणजे मशीन माझ्या वाट्याला रात्री नऊ ते दहा एवढेच. तेवढा एक तास मी कोटासाठी ठरवून टाकला आणि स्वतःवर फार खूश झालो.

घोंगडे कापणे सोपे नाही. ते दख्खनी मेंढीच्या लोकरीचे, विणकराने चिंचोक्याची खळ देऊन खड्ड्यातल्या मागावर विणलेले. नेहमीची सुई त्यात दोनदा मोडली. मग आजीने १८ नंबरची सुई आणायला लावली. जिथे चार पदर एकत्र येतात तिथे मशीन नुसते धापा टाकते, तिथे हातानेच उलटी टीप घालावी लागते. लोकर मानेला टोचते म्हणून आत सुती अस्तर. आई फोनवरून मापे सांगायची आणि प्रत्येक वेळी बजावायची, "मुंढ्याला माया सोड रे, नाहीतर काखेत उसवेल." शिलाईच्या आत राखून ठेवलेल्या जादा कापडाला शिंपी माया म्हणतात, हे मला तेव्हा कळले. आध्यात्मिक लेखांचे भाषांतर करताना हा शब्द मी शेकडो वेळा लिहिला असेल, नेहमी दूर सारायची गोष्ट म्हणून. इथे ती सोडायची म्हणजे आत ठेवायची होती.

असे दोन आठवडे गेले. सेवेचा लेख एकदा उशिरा गेला, पण मनात समाधान होते की आपण वेळ काढला. आणि इथेच मला प्रश्न पडला, तोही वाणिज्याच्या सवयीमुळे. खात्यात एकीकडे रक्कम जमा झाली तर दुसरीकडे ती कुठून तरी नावे पडलेली असतेच. माझ्या दिवसात रोज एक तास आला, तर तो गेला कुणाच्या खात्यातून? मी सात दिवस वहीत प्रामाणिकपणे नोंद केली. मोबाइलवर नुसते बोट सरकवण्यात रोज जवळजवळ दोन तास जात होते, आणि ते तसेच शाबूत होते. त्यातले एक मिनिटही कोटाला मिळाले नव्हते. झोप जरा कमी झाली होती. आणि बाबांशी झालेले बोलणे, सात दिवसांचे मिळून, ११ मिनिटे.

बाबांचा फोन सव्वानऊला येतो. जेवण झाल्यावर, बागेत जाण्याआधी. नेमका त्याच वेळी मी मशीनवर असायचो. "बाबा, जरा कामात आहे," असे म्हणून फोन ठेवायचो. काम म्हणजे त्यांचाच कोट. तेही "बरं, चालू दे" म्हणायचे. कोट गुपित ठेवायचा होता, म्हणून काम कसले हे मी सांगत नव्हतो, आणि त्यांनी कधी विचारले नाही.

ही नोंद पाहिल्यावर त्या रात्री मी शिवायला बसलो नाही. आपल्या भाषेत 'वेळ काढणे' याचे दोन अर्थ आहेत. एक, कुणासाठी तरी सवड करणे. दुसरा, दिवस नुसते ढकलणे. त्यावरूनच आपण 'वेळकाढूपणा' म्हणतो. या दोन अर्थांतली रेघ कोणत्या कामात कुठे पडते, हे बाहेरून दिसत नाही. कोट शिवणारा मुलगा बाहेरून प्रेमळच दिसतो. पण खरे सांगायचे तर बाबांशी बोलणे मला जड जात होते. पहिल्या वर्षाचा एक पेपर राहिला आहे, ते मी त्यांना सांगितले नव्हते. मशीन चालवणे त्यापेक्षा सोपे होते.

हा पेच नवा नाही. १९२४ च्या डिसेंबरात बेळगावला काँग्रेसचे अधिवेशन भरले; गांधीजी अध्यक्ष झाले ते हे एकमेव अधिवेशन. तिथे ठरले की सदस्याने वर्गणी पैशात नव्हे, सुतात द्यावी: वर्षाला २४,००० वार, म्हणजे महिन्याला २,०००. श्रीमंत असो वा गरीब, प्रत्येकाने आपल्या हाताचा वेळ द्यावा, ही कल्पना. पण त्याच ठरावात एक वाट ठेवली होती: आजारपण असेल, किंवा कातायची इच्छाच नसेल, तर दुसऱ्याने कातलेले तेवढेच सूत चालेल. पुढच्याच वर्षी चार आण्यांची वर्गणी पर्याय म्हणून परत आली. हा प्रसंग पूर्वी वाचला तेव्हा मला गंमत वाटली होती: वेळ मागितला आणि लोकांनी पैसे देऊ केले. आता वाटते, त्यांना हसण्याचा मला अधिकार नाही. मी बाबांना द्यायच्या वेळाच्या जागी सूतच देत होतो, फक्त ते स्वतः शिवलेले होते.

यावरून घरी काही शिवणे व्यर्थ आहे, असे मात्र कृपया समजू नका. विकत घेतलेले तेवढे हलके आणि हाताने केलेले तेवढे पवित्र, असेही मला म्हणायचे नाही. विकतच्या जाकिटातही कुणीतरी शिलाईवर बसून वेळ घातलेला असतो, आपण त्याचे नाव विचारत नाही एवढेच. आणि घरात आपल्याला सवड मिळते तेव्हाही बहुधा दुसऱ्या कुणाची तरी गेलेली असते. मी नऊ वाजता मशीनवर बसू शकत होतो, कारण माझे ताट आजी उचलत होती. ही नोंद तर मी वहीत केलीच नव्हती.

कॉलेज रोडवरून जाताना वेधशाळा लागते. १७९२ पासून इथे वेध घेतले जात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात देशातल्या रेल्वे मद्रासच्या वेळेवर धावत, आणि ती वेळ या आवारातून ठरत असे. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली, ती मद्रासच्या वेळेपेक्षा सुमारे ९ मिनिटांनी पुढे. मुंबईने तरीही आपली वेगळी वेळ बरीच वर्षे सोडली नाही (आपण मराठी माणसे!). घड्याळाचे काटे पुढे सरकले, पण दिवस कुणाचाच वाढला नाही. त्या फाटकापाशी मला माझी ११ मिनिटे आठवतात.

दुसऱ्या दिवशी सव्वानऊला फोन आला तेव्हा मी तो स्पीकरवर ठेवला आणि मशीन चालू ठेवले. "हा आवाज कसला?" बाबांनी विचारले. गुपित तिथेच संपले. राहिलेल्या पेपरचेही सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मी बाहीची टीप पुरी केली. मग म्हणाले, "आधीच सांगायचंस. फी भरायची असेल ना?" त्यानंतर रोज नऊ ते दहामध्ये दोन्ही कामे होऊ लागली. काही रात्री आम्ही पाच मिनिटेसुद्धा बोलत नसू. इकडे मशीनची खटखट, तिकडे बूट घालण्याचा, कडी लावण्याचा आवाज. कोटाला मात्र आणखी वेळ लागला, कारण बोलताना टीप वाकडी जाते आणि उसवावी लागते.

मार्गळी महिना लागला तसे आमच्या गल्लीत पहाटे दारोदार मोठमोठे कोलम दिसू लागले. आजी ऐंशीच्या घरातली, तरी साडेचारला उठून वाकून ठिपके मांडते. दहा वाजेपर्यंत दुचाकींची चाके त्यावरून गेलेली असतात. मी तिला एकदा विचारले, एवढा वेळ कुठून काढता? तिला प्रश्न कळला नाही. मी शब्द बदलून पुन्हा विचारला, तरी कळला नाही.

कोट संक्रांतीनंतर पोचला, म्हणजे कडाक्याची थंडी निम्मी सरल्यावर. वजनाला चांगलाच जड झाला आहे. बाबा रोज घालून जातात. ठिणगी पडली तर जागा काळी पडते, भोक पडत नाही. डावी बाही मात्र मुंढ्याशी आवळते आणि वरचा व्हॉल्व्ह फिरवताना ओढ बसते, असे आईकडून कळले, त्यांनी स्वतः सांगितले नाही. परीक्षा संपल्यावर गावी जाईन तेव्हा ती उसवून पुन्हा लावायची आहे. आत बोटभर कापड आहे, पुरेल. आजीने १८ नंबरच्या दोन सुया आताच कागदात गुंडाळून दिल्या आहेत.