कबूल करावे की लढावे?

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये २५:११

नागपूरच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात खेड्यांतून आलेली माणसे फडक्यात भाकर बांधून सकाळपासून बसलेली आपण पाहिली असतील. त्यांत एखादा तरुण असा असतो की, त्याच्यावर जन्मात प्रथमच फौजदारी आरोप आलेला असतो. शेताच्या धुऱ्यावरून भांडण झाले, कोणाचे हाड मोडले, आणि जबर दुखापतीचा खटला उभा राहिला. तारखेमागून तारीख पडते व प्रत्येक तारखेस एका दिवसाची मजुरी बुडते. मग कोणी कानाशी लागून म्हणतो, "गुन्हा कबूल कर, थोडक्यात सुटशील." अशा वेळी त्याने काय करावे?

हा मार्ग कायद्यानेच दिलेला आहे. वकील त्यास प्ली बार्गेनिंग म्हणतात. आपल्या देशात तो २००६ सालच्या जुलै महिन्यापासून चालू आहे, व १ जुलै २०२४ पासून त्याचे नियम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहेत. सात वर्षांहून अधिक शिक्षा असलेल्या, किंवा स्त्री अथवा बालक यांच्याविरुद्ध घडलेल्या गुन्ह्यांत तो मिळत नाही. आरोप निश्चित झाल्यापासून ३० दिवसांच्या आत आरोपीने स्वतः अर्ज करावयाचा असतो. अर्ज खुशीचा आहे की दडपणाचा, हे न्यायाधीश त्यास बंद दालनात एकट्याला विचारून पाहतात. पुढे ज्याचे नुकसान झाले त्यासही बोलावून भरपाई ठरविली जाते. पहिलाच गुन्हा असून त्यास किमान शिक्षा नेमलेली नसेल, तर न्यायालय नेमलेल्या शिक्षेचा सहावा भाग देऊ शकते. सात वर्षांच्या ठिकाणी हे १४ महिने होतात. तथापि दोन गोष्टी विसरू नयेत. असा मनुष्य कायद्याने दोषीच ठरतो, आणि त्या निकालावर नेहमीचे अपील चालत नाही.

आता पौल फेस्तापुढे काय म्हणाला ते पाहा. मी अपराधी असेन तर मरणही नाकारीत नाही. परंतु आरोप खोटे असतील तर मला कोणी यांच्या हाती देऊ शकत नाही, असा त्याच्या बोलण्याचा भाव आहे. शिक्षा लहान की मोठी हा त्याचा पहिला प्रश्न नव्हता. मी हे केले की नाही, हा होता.

म्हणून ज्याने खरोखर अपराध केला आहे त्याने हा मार्ग घेण्यास लाजू नये. मात्र जक्कयाप्रमाणे त्याने भरपाईही मनापासून करावी. ज्याचा हात मोडला त्याचे औषधपाणी व बुडालेली मजुरी देणे हा पश्चात्तापाचाच भाग आहे. केवळ शिक्षा कमी करून घेण्यासाठी दिलेली कबुली देवापुढे कबुली ठरत नाही.

परंतु ज्याने अपराध केलाच नाही त्याने काय करावे? फिलिप्पै येथे अधिकाऱ्यांनी पौलास गुपचूप सोडून देऊ केले, तेव्हा तो तसा निघाला नाही. अन्याय उघड मान्य व्हावा असे त्याने म्हटले. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९८० साली, हा कायदा होण्यापूर्वी, अशा सौद्याविरुद्ध बजाविले होते की, लांबलेल्या खटल्याला कंटाळून निरपराधी मनुष्यही अपराध कबूल करील.

या बाबतीत आम्ही स्वतः चुकलो आहो. काही वर्षांपूर्वी एका भावाने "मी मारले नाही" असे आम्हांस सांगितले असताही, त्याच्या घरची उपासमार पाहून आम्ही त्यास म्हटले, "कबूल कर आणि मोकळा हो." तो मोकळा झाला. पण पुढे उपासनेत पापांगीकाराची वेळ आली की तो मुका बसे. एके दिवशी तो म्हणाला, "पाळकसाहेब, जे केले नाही ते कबूल करून बसलो. आता जे केले ते कोणत्या तोंडाने कबूल करू?" आम्हांस उत्तर देता आले नाही.

त्या भावास आमच्या सल्ल्यापेक्षा आमच्या सोबतीची गरज होती. म्हणून मंडळीतील वडिलांनो व उपदेशकांनो, आपल्या गावात असा प्रसंग आला तर घाईने सल्ला देऊ नका. आधी त्याच्याशी एकांती बसून खरे काय ते ऐका. नंतर त्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे न्या. कोठडीत असलेल्यास, स्त्रियांस व अल्प उत्पन्नाच्या मनुष्यास तेथे विनामूल्य वकील मिळू शकतो. वकिलाने सर्व नीट समजावून सांगेपर्यंत कोणत्याही कागदावर अंगठा उठवू देऊ नका. आणि तो लढावयाचे ठरवील, तर तारखेच्या दिवशी मंडळीतील एकाने त्याच्याबरोबर जावे व दुसऱ्याने त्याच्या शेतात राबावे. गरिबास खरे बोलणे परवडावे म्हणून त्याचा भार आपण वाटून घेतला नाही, तर त्याच्या खोट्या कबुलीत आपलाही वाटा आहे.

सर्वांचा न्याय करणारा प्रभु अपराध्यास नम्रता, निरपराध्यास धीर व आपणां सर्वांस एकमेकांची ओझी वाहण्याची कृपा देवो. आमेन.