समोरचा हरावा असे वाटणे पाप आहे का?



शेजाऱ्यावर प्रीती करावी हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आता कल्पना करा, हाच शेजारी टेबल टेनिसच्या टेबलापलीकडे बॅट घेऊन उभा आहे. पाचवा गेम चालू आहे, गुण दहा-दहा झाले आहेत आणि तुमच्या मनात एकच इच्छा आहे, की याचा पुढचा फटका जाळीत जावा. मग प्रीतीचे काय झाले? ती तेवढ्या वेळापुरती खुंटीला टांगून ठेवायची का?

हा प्रश्न माझा नाही. आपल्या तरुण मंडळातल्या एका मुलाने अकोल्याच्या हौशी स्पर्धेला जाण्याआधी मला तो विचारला. "फादर, समोरचा हरावा असं मनापासून वाटणं पाप आहे का?" चेष्टा करत असेल म्हणून मी त्याच्या तोंडाकडे पाहिले. पण तो चेष्टा करत नव्हता.

मी स्वतः अशा स्पर्धांत चाळिशीवरच्या गटात नाव देतो. दुसऱ्या फेरीपलीकडे सहसा जात नाही, म्हणून तज्ज्ञ म्हणून लिहीत नाही. पण ज्यांनी या स्पर्धा पाहिल्या नाहीत त्यांच्यासाठी थोडे सांगतो. आपल्या वऱ्हाडात उन्हाळ्याच्या सुट्टीत स्पर्धा असली तर बाहेर पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो, आणि आत हॉलमध्ये पंखे बंद! चेंडूचे वजन जेमतेम २.७ ग्रॅम. पंख्याच्या वाऱ्याने तो भरकटतो. त्यामुळे खेळणारे, पाहणारे आणि पंच सगळेच घामाने निथळत असतात. दर सहा गुणांनंतर टॉवेल घेण्याची मुभा आहे. इथे तो टॉवेल दुपारपर्यंत पिळून काढावा लागतो. बरे, पंच म्हणजे कोणी नेमलेले अधिकारी नसतात. पुष्कळदा जो आधीचा सामना हरला तोच पुढच्या सामन्याला पंच म्हणून बसतो. पराभवाचे दुःख अजून ओले असताना दुसऱ्यांचा न्याय नीट करायचा, ही शिस्त मला फार आवडते. कितीतरी मोठमोठ्या संस्थांत ती सापडत नाही.

आता प्रश्नाकडे येतो. संत पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिताना शर्यतीचा दृष्टांत दिला आहे. करिंथजवळ दर दोन वर्षांनी मोठे खेळ भरत आणि जिंकणाऱ्याला पानांचा मुकुट मिळे, त्यामुळे त्या लोकांना दृष्टांत लगेच कळला असणार. पण शर्यतीत प्रतिस्पर्धी आपल्या शेजारून धावतो. मी वेगाने धावलो म्हणून त्याचा पाय अडखळत नाही. टेबल टेनिसचे तसे नाही. तो समोर असतो, २.७४ मीटर लांबीच्या टेबलापलीकडे, आणि मला मिळालेला प्रत्येक गुण हा त्याने गमावलेला गुण असतो. जाणूनबुजून त्याला अवघड जाईल अशाच जागी मी चेंडू टाकतो. म्हणून हा प्रश्न धावणाऱ्यापेक्षा आपल्या मुलाला अधिक टोचला, यात नवल नाही.

मला वाटते इथे दोन इच्छा एकमेकींत मिसळल्या आहेत. माझा फटका चांगला बसावा, ही एक. त्याचा फटका वाईट पडावा, ही दुसरी. दिसायला दोन्ही सारख्याच, कारण फळ एकच, म्हणजे गुण मला. पण फक्त दुसरीच इच्छा धरून दोघे खेळू लागले तर काय होते, याचे उदाहरण या खेळाच्या इतिहासात आहे. १९३६ साली प्राग येथे जागतिक स्पर्धेत पोलंडचा एर्लिख आणि रोमानियाचा पानेथ समोरासमोर आले. दोघेही बचावात पक्के. धोका कोणीच घेईना. चेंडू इकडून तिकडे, तिकडून इकडे. समोरचा कधी चुकतो याची वाट पाहणे एवढेच काम. पहिला गुण व्हायला दोन तासांहून अधिक वेळ लागला! पुढे जाळीची उंची कमी करण्यात आली, वेळेची मर्यादा आली, लांबलेला गेम संपवण्यासाठी वेगळे नियम आले. चुकीची वाट पाहण्याला कोणी पाप म्हटले नाही; पण त्यात खेळ उरत नाही एवढे सर्वांना कळले.

त्याच १९३६ साली आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी गेले होते आणि तिथे त्यांनी आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली होती. अमरावतीकरांना याचा अभिमान आहे आणि तो असायलाच हवा. प्रात्यक्षिकात कोणी हरत नाही. मग कोणी म्हणेल, फादर, सगळे खेळ असेच का असू नयेत? कौशल्य दाखवा, टाळ्या घ्या, घरी जा. कोणाचे मन दुखायला नको.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना लॅटिन शब्दांची चिरफाड करण्याची सवय लागली, ती अजून जात नाही. स्पर्धेसाठी लॅटिनमध्ये 'कोम्पेतेरे' हे क्रियापद आहे. त्याचा मूळ अर्थ एकत्र मिळून शोधणे. शब्दाच्या मुळावरून माणसाचे मन सिद्ध होत नाही हे मला माहीत आहे, पण इथे मूळ उपयोगाचे आहे. घरी भिंतीवर चेंडू मारून माझा बॅकहँड किती खरा आहे हे मला कधीच कळणार नाही. आरसा सांगणार नाही, आणि मित्र तर मुळीच सांगणार नाहीत. ते सांगतो तो समोरचा, जेव्हा तो पूर्ण ताकदीने माझा फटका परतवतो. त्याचा विरोध ही मला मिळालेली देणगी आहे. तो हरावा असे मला वाटते हे खरे. पण तो नसावा, किंवा तो आजारी पडावा, असे मला वाटत असेल तर मला खेळ नको आहे, नुसता कप हवा आहे. या दोन इच्छांमधली सीमा ज्याची त्याने आपल्या विवेकबुद्धीत तपासावी. समोरच्याचा चांगला फटका पाहून क्षणभर का होईना आनंद होतो का, हा त्याचा साधा मापदंड आहे.

तर तो मुलगा अकोल्याला गेला. पुढचे त्याच्या परवानगीने लिहितो. नाव लिहू नका म्हणाला. पाचव्या गेममध्ये प्रतिस्पर्ध्याचा एक फटका टेबलाबाहेर गेला असे पंचाने पुकारले. पंच म्हणजे आधीच्या फेरीत हरलेला शाळकरी पोरगा. पण चेंडू टेबलाच्या वरच्या कडेला निसटता लागला होता. वरची कड लागली तर फटका बरोबर, खालची बाजू लागली तर चूक, असा नियम आहे. हे कळण्याइतका जवळ एकच माणूस होता, आपला मुलगा. त्याने हात वर केला आणि "एज लागला" म्हणून सांगितले. गुण गेला. त्यानंतर दोन गुणांत सामनाही गेला.

पुढच्या रविवारी मिस्सा संपल्यावर त्याचे वडील मला आवारात भेटले. "फादर, त्या अंपायरले दिसलंच नाही, मंग यानं काऊन सांगतलं? समोरचा असता त सांगतलं असतं काय?" राग मुलावर कमी आणि माझ्यावर जास्त होता. त्यांचा मुद्दा मी हलका मानत नाही. पंच नेमला आहे, त्याचा निर्णय अंतिम आहे, चूक झाली तर ती त्याच्या माथी. खेळाडूने त्याचे काम आपल्याकडे का घ्यावे? क्रिकेटमध्ये तर हा वाद कितीतरी वर्षे चालू आहे.

वडील क्रिकेटवाले, म्हणून मी त्यांना १९८० सालच्या मुंबईच्या कसोटीची आठवण दिली. वानखेडेवर इंग्लंडच्या बॉब टेलरला पंचांनी झेलबाद दिले. चेंडू बॅटीला लागला नव्हता हे आपला कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथ याला ठाऊक होते. त्याने पंचांना विनंती करून टेलरला परत बोलावले. टेलर आणि बोथम यांनी मग १७१ धावांची भागी केली आणि भारत तो सामना १० गडी राखून हरला. ते म्हणाले, "पाहा! हेच त म्या म्हन्तो." म्हणजे उदाहरण माझ्याच अंगावर आले. पण ते मी मुद्दाम दिले होते. खरेपणाने वागले की शेवटी आपलेच भले होते, असे सांगून मी कोणाला फसवू इच्छित नाही. पुष्कळदा होत नाही. सामना जातो आणि तो परत येत नाही.

तरीही मुलाने काही दान केले, उदारपणा दाखवला, असे मी मानत नाही. कडेला चेंडू लागला त्या क्षणी गुण प्रतिस्पर्ध्याचा झाला. पंच गुण निर्माण करत नाही. झालेला गुण तो फक्त सांगतो, आणि या वेळी त्याला सांगता आला नाही. दुसऱ्याची वस्तू चुकून आपल्या पिशवीत आली तर ती परत करणाऱ्याला आपण दाता म्हणत नाही. मुलगा गप्प बसला असता तर फलकावर त्याचा विजय लिहिला गेला असता, पण आपण चांगले खेळलो का, या प्रश्नाचे उत्तर त्याने स्वतःच पुसून टाकले असते. आणि ते उत्तर शोधायलाच तर तो शंभर किलोमीटर एसटीने गेला होता.

वडिलांचा पुढचा प्रश्न अधिक अवघड होता. सर्व्हिस करताना हीच मुले मनगट असे फिरवतात की फिरकी डावी की उजवी कळू नये. तो धडधडीत फसवण्याचा प्रकार नाही का? मग तिथे फसवायचे आणि कडेच्या चेंडूला हरिश्चंद्र व्हायचे, हे कसे?

याचे उत्तर मला या खेळाच्या नियमांतच सापडते. १९५२ साली मुंबईत जागतिक स्पर्धा झाली. जपानचा हिरोजी सातोह जाड स्पंजची बॅट घेऊन आला. साध्या रबराच्या बॅटीचा टक-टक आवाज ऐकून खेळणाऱ्या युरोपीय खेळाडूंना चेंडू कधी, किती वेगाने येतो हेच कळेना, कारण या बॅटीला आवाजच जवळजवळ नव्हता. तो अजिंक्य ठरला. त्याने नियम मोडला नव्हता, बॅटीविषयी तसा नियमच नव्हता. १९५९ मध्ये स्पंजवर मर्यादा आली. पुढे काही खेळाडू बॅटीच्या दोन बाजूंना वेगळ्या गुणाचे पण एकाच रंगाचे रबर लावू लागले. कोणत्या बाजूने मारले ते समोरच्याला ओळखूच येईना. १९८० च्या दशकात दोन बाजूंना दोन रंग सक्तीचे झाले. २००२ पासून सर्व्हिस करताना शरीराआड चेंडू लपवण्यास बंदी आली. आता सर्व्हिसला चेंडू उघड्या तळहातावरून किमान १६ सेंटिमीटर वर उडवावा लागतो आणि तो समोरच्याला सतत दिसावा लागतो. या सगळ्या बदलांतून एकच गोष्ट दिसते. समोरच्याला चकवा, पण त्याच्या डोळ्यांना संधी द्या. मनगटाची चाल त्याला दिसते, ओळखणे त्याच्या कौशल्यावर आहे, आणि या चढाओढीला त्याने टेबलापाशी येतानाच होकार दिलेला आहे. माझ्या बाजूच्या कडेचा चेंडू त्याला नीट दिसत नाही, आणि मी गप्प राहावे यालाही त्याने कधी होकार दिलेला नाही. बाजार समितीत कापसाच्या भावावरून दोघे तासभर घासाघीस करतात, त्याला कोणी लबाडी म्हणत नाही. काट्याखाली बोट लावले की ती लबाडी होते. वडील बराच वेळ बोलले नाहीत. पटले म्हणून की चिडून, ते मी विचारले नाही.

उलट बाजूचेही थोडे लिहिले पाहिजे. आपल्यात काही भाविक असे आहेत की त्यांना फादरने घामाघूम होऊन खेळणेच शोभत नाही असे वाटते. त्यांना संत थोमस अक्विनास यांचा दाखला देतो. अॅरिस्टॉटलचा धागा पकडून त्यांनी खेळ आणि विनोद यांतही एक सद्गुण असतो असे म्हटले आहे. एवढेच नाही, तर जो स्वतः कधी हसत-खेळत नाही आणि दुसऱ्यांच्या आनंदातही विघ्न आणतो, त्याच्या वागण्यात दोष आहे, असेही ते म्हणतात.

आणि दुसरा एक प्रकार, जो मला लबाडीपेक्षाही अधिक खुपतो, कारण तो प्रीतीचे कपडे घालून येतो. तो म्हणजे मुद्दाम हरणे. साहेबाला खूश करायला हरणे उघडच वाईट आहे. पण प्रेमापोटी हरणे? सात वर्षांच्या मुलाला खेळाची गोडी लागावी म्हणून बाप हळू खेळतो ते वेगळे. तिथे खेळ अजून सुरूच झालेला नसतो, बाप शिकवत असतो. मोठ्या माणसाशी मात्र असे करणे म्हणजे, तू खऱ्या उत्तराच्या लायकीचा नाहीस, असे त्याला हसत हसत सांगणे. ज्याने पूर्ण ताकदीने हरवले त्याच्याशी सामन्यानंतर मी चहा पिऊ शकतो. ज्याने दया करून जिंकू दिले त्याच्याशी मी काय बोलू?

हे लिहिण्याला कारण आहे. आपल्या सभागृहातल्या टेबलावर संध्याकाळी मुले माझ्याशी खेळतात, आणि गेल्या महिन्यात मी सलग चार सामने जिंकलो. माझा खेळ मला ठाऊक आहे. चार सामने मी जिंकू शकत नाही. मंगळवारी सहा वाजता पुन्हा टेबल लावलेले असेल. येताना टॉवेल आणा, पंखे बंद राहतील.